साडेचार मिनिटांची तबकडी

मंडळी, आज एका छोट्या तबकडीविषयी लिहायचं आहे. छोटी म्हणजे सात इंचांची, मिनिटाला ४५ फेरे घेणारी, एका बाजूला एकच गाणं मावणारी. आपल्याकडे मोठीला एल.पी. म्हणत आणि हिला नुसतं 'छोटी रेकॉर्ड'. ही तबकडी जून १९६४ मध्ये इंग्लंडात निघाली. बँडचं नाव 'द ॲनिमल्स' आणि गाणं 'द हाउस ऑफ द रायझिंग सन', म्हणजे उगवत्या सूर्याचं घर. लांबी ४ मिनिटं २९ सेकंद.

माझे जुने विद्यार्थी वाचत असतील तर म्हणतील, जन्मभर मराठी शिकवलेल्या बाईंना म्हातारपणी हे काय सुचलं! सांगते. माझा नातू गिटार शिकतो. गिटार शिकणाऱ्या पोरांना सुरुवातीला जी पाच-दहा गाणी देतात त्यांत हे हमखास असतं. त्याने मला मूळ रेकॉर्ड ऐकवली. माझं सगळं शिक्षण मराठी माध्यमातलं. इंग्रजी वाचता येतं, पण गायलेलं इंग्रजी कानाला चटकन लागत नाही. त्यामुळे झालं असं, की शब्द कळायच्या आधी आवाज पोचला. आणि त्या आवाजाने इतकं काही सांगितलं, की मग शब्द, त्यामागची माणसं, त्यांची गावं असं सगळं शोधत बसले. त्या शोधाचा हा गोषवारा.

न्यूकॅसल हे इंग्लंडच्या ईशान्येला टाइन नदीकाठचं शहर. कोळसा आणि जहाजबांधणी यांवर वाढलेलं. बँडमधली पाचही पोरं त्याच भागातली, साध्या घरांतली. बास गिटार वाजवणारा चास चँडलर जहाजांच्या कारखान्यात टर्नर होता. ऑर्गनवर ॲलन प्राइस, गिटारवर हिल्टन व्हॅलेंटाइन, ड्रमवर जॉन स्टील आणि गायला एरिक बर्डन. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय गायकांची ब्लूज गाणी ऐकायची, घोटायची आणि गावातल्या 'क्लब ए-गो-गो' नावाच्या जागी म्हणायची, हा त्यांचा शिरस्ता. रे चार्ल्स, जॉन ली हूकर ही बर्डनची दैवतं.

मे १९६४ मध्ये त्यांना चक बेरीबरोबर ब्रिटनचा दौरा करायला मिळाला. चक बेरी म्हणजे रॉक-अँड-रोलचा मोठा उस्ताद. त्या कार्यक्रमात जो तो जोरकस, धावती गाणी म्हणणार हे उघड होतं. खुद्द चक बेरीच्या समोर त्याच्याच घाटणीचं गाणं म्हणून कोण टिकणार? तेव्हा या पोरांनी डोकं लढवलं. आपण शेवटी एक संथ, उदास लोकगीत म्हणायचं. सगळे धावत असताना आपण चालायचं. युक्ती लागू पडली. १८ मे १९६४ रोजी, दौऱ्यातल्या दोन कार्यक्रमांच्या मधल्या वेळात, लंडनच्या डी लेन ली स्टुडिओत निर्माता मिकी मोस्ट याने ते ध्वनिमुद्रित केलं. एकदाच गायले, एकदाच वाजवलं, झालं! तीच रेकॉर्ड जगभर गेली.

आता प्रत्यक्ष ऐकू या. सुरुवातीला नुसती गिटार. व्हॅलेंटाइन कॉर्ड एकदम झंकारत नाही. तिच्यातले स्वर सुटे करून, जपमाळेचे मणी ओढावेत तसे एकामागून एक सोडतो. ताल सहा मात्रांचा, आपल्या दादऱ्याच्या झोक्याला जवळचा, पण दादऱ्यातला खेळकरपणा त्यात नाही. पाळणा हलावा तसा झोका, आणि पाळण्यात मात्र काहीतरी अशुभ. त्यावर बर्डनचा आवाज येतो.

बर्डन तेव्हा अवघा २३ वर्षांचा. वाढदिवस होऊन सातच दिवस झालेले. पण आवाज ऐकाल तर चाळिशी उलटलेल्या, बरंच काही भोगून बसलेल्या माणसाचा वाटतो. जाड, खरबरीत, छातीतून निघणारा. पहिल्या कडव्यात तो खालच्या सुरात, जवळजवळ बोलल्यासारखा गातो. न्यू ऑर्लिन्स शहरात एक घर आहे, त्याने कितीतरी गरीब पोरांचा नाश केला, त्यांतलाच मी एक, एवढंच सांगतो. आई शिवणकाम करणारी, बाप जुगारी. आवाजात तक्रार नाही, रडगाणं नाही. मग प्राइसचा ऑर्गन पुढे येतो, देवळातल्या घुमटासारखा भरत जातो, आणि त्यानंतर बर्डन तीच चाल वरच्या सप्तकात उचलतो. आता तो आयांना सांगतो आहे, तुमच्या पोरांना सांगा, मी केलं ते करू नका. इथे आवाज फाटायच्या बेताला येतो, पण फाटत नाही. शेवटी तो पुन्हा त्याच घराकडे, पायात बेडी अडकवून घ्यायला निघालेला असतो. उपदेश करून झाला, आणि पाय मात्र तिकडेच.

वर्गात इतकी वर्षं काढल्यावर एक गोष्ट मी पक्की सांगू शकते. पोरं कबुली देतात तेव्हा पहिली वाक्यं खाली बघून, पुटपुटत येतात. आवाज चढतो तो पुढे, धाकट्या भावाचं नाव निघालं की. "बाई, त्याला नका यात घेऊ!" बर्डनच्या गाण्याचा चढ नेमका तसा आहे. स्वतःविषयी खालच्या सुरात आणि दुसऱ्याला वाचवताना वरच्या. गळा दाखवण्यासाठी सूर चढवणारे गायक पुष्कळ ऐकले. इथे गोष्टच वर चढते, म्हणून सूर चढतो. शब्द न कळताही मला जे पोचलं ते हेच असावं.

त्या काळी रेडिओवर वाजायचं तर गाणं ३ मिनिटांच्या आत बसवायची रीत होती. हे साडेचार मिनिटांचं, त्यात विषय असा. तरी जुलै १९६४ मध्ये ते ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं. अमेरिकेत कापून छोटं करून काढलं, आणि तिथेही सप्टेंबरात तीन आठवडे पहिलं राहिलं. लोकगीताची जुनी चाल आणि विजेवर चालणारी वाद्यं यांचा जो मेळ, त्याला पुढे १९६५ पासून अमेरिकेतली नियतकालिकं 'फोक-रॉक' म्हणू लागली. त्या प्रकारातलं पहिलं मोठं यश म्हणून काही समीक्षक याच तबकडीकडे बोट दाखवतात.

इथपर्यंत सगळं यशाचं झालं. पण आम्हा मास्तर मंडळींची खोड अशी, की गाणं आवडलं की आधी खाली कवीचं नाव बघायचं. तबकडीवरच्या गोल कागदावर काय छापलं आहे? 'पारंपरिक', आणि पुढे 'संयोजन : ॲलन प्राइस'. आता ही परंपरा कोणाची, हे बघायला मागे मागे जावं लागतं.

एक पाऊल मागे बॉब डिलन. त्याच्या पहिल्या एल.पी.वर, मार्च १९६२ मध्ये, हे गाणं आहे. ॲनिमल्समधल्या काहींनी आपण ते तिथूनच उचललं असं सांगितलं. बर्डन मात्र सांगत आला, की आपण ते न्यूकॅसलमध्येच जॉनी हँडल या स्थानिक लोकगायकाकडून ऐकलं होतं. बरं, डिलनने ते कुठून घेतलं? न्यूयॉर्कच्या डेव्ह व्हॅन रॉन्क या गायकाकडून, त्याने बसवलेल्या कॉर्डसकट. व्हॅन रॉन्क ते स्वतः मुद्रित करणार होता, पण डिलन त्याच्या आधी करून मोकळा झाला. मग गंमत अशी झाली, की व्हॅन रॉन्क गायला लागला की लोक म्हणायचे, हे डिलनचं चोरलं. त्याने वैतागून गाणं सोडलं. दोन वर्षांनी ॲनिमल्सची तबकडी गाजली आणि डिलनला लोक म्हणायला लागले, हे ॲनिमल्सचं घेतलं. मग त्यानेही सोडलं! व्हॅन रॉन्क ही हकीकत हसत हसत सांगायचा. डिलनच्या गाण्यात एक गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. तो पुरुष असून गाणं मुलीच्या तोंडचंच ठेवतो. नाश पावलेली ती मुलगी आहे, मुलगा नाही.

ही मुलगी कुठून आली? आणखी मागे जाऊ. सप्टेंबर १९३७. अमेरिकेतल्या केंटकी राज्यात, डोंगरांच्या कुशीत मिडल्सबरो नावाचं कोळसा-खाणींचं गाव. तिथे ॲलन लोमॅक्स नावाचा २२ वर्षांचा तरुण पत्नीला बरोबर घेऊन आला होता. अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयासाठी लोकगीतं जमवायचं त्याचं काम. गाडीत तबकडीवर आवाज कोरणारं बोजड यंत्र. १५ सप्टेंबरला तिथल्या एका घरात जॉर्जिया टर्नर ही १६ वर्षांची मुलगी त्याच्यासमोर उभी राहिली. खाणकामगाराची लेक. तिने हे गाणं कोणत्याही साथीशिवाय म्हटलं आणि लोमॅक्सने ते टिपलं.

ते ध्वनिमुद्रण जपलेलं आहे, ऐकायलाही मिळतं. दोन मिनिटांचंसुद्धा नाही. खरखर आहे, आणि त्या खरखरीतून कोवळा, नाकातला, डोंगरी आवाज येतो. बर्डनच्या आवाजात जो पहाडासारखा चढ आहे तो इथे नाही. तिची चालही बर्डनच्या मानाने उजळ आहे. ती सरळ, न थांबता, घरकाम करताना म्हणावं तसं म्हणून टाकते. तिच्या गाण्यातही आई शिवणकाम करणारी आहे, पण जुगारी बाप नाही. त्या जागी दारुडा प्रियकर आहे. आणि निरोप आहे तो धाकट्या बहिणीला. मी वागले तशी वागू नकोस म्हणावं.

सोळा वर्षांच्या मुलीने हे गावं आणि तिचा आवाज जराही हलू नये, हे ऐकताना मी हललेच. ज्या घराचं नाव घेऊन ती गाते ते घर तिने पाहिलेलं असण्याचं काही कारण नाही. पण खाणीच्या गावात मुलीचं आयुष्य कसं फसतं, हे तिला शिकवायला कोणी लागत नव्हतं.

तीही गाण्याची जननी नव्हे, हे सांगायला हवं. चार वर्षांपूर्वी, १९३३ मध्ये, क्लॅरेन्स ॲशली आणि ग्वेन फॉस्टर या दोन पुरुषांनी याच गाण्याची तबकडी काढली होती. तिच्यात गरीब मुलगेच बुडतात. ॲशली म्हणायचा, हे मी माझ्या आजोबांकडून शिकलो. म्हणजे बर्डनने मुलीचा मुलगा केला तो काही नवा अपराध नव्हे. हे गाणं आधीपासूनच दोन्ही अंगांनी नांदत होतं. जो गाईल त्याचं, जी गाईल तिचं. लोकगीताची रीतच ही. तरी माझ्या मनात थोडी हळहळ आहेच. मुलगा जुगारात बुडाला असं म्हटलं की ऐकणारा निःश्वास टाकतो. मुलगी त्या घरात बुडाली म्हटलं की ऐकणाऱ्याला विचारावं लागतं, तिला तिथे नेलं कोणी? जॉर्जियाच्या दोन मिनिटांत तो प्रश्न आहे. १९६४ च्या साडेचार मिनिटांत तो राहिला नाही, त्याच्या जागी दुसरं काही मोठं आलं.

ते घर तरी नेमकं कुठलं? न्यू ऑर्लिन्समध्ये 'रायझिंग सन' नावाच्या जागा दाखवणारे पुष्कळ. कोणी म्हणतं कुंटणखाना, कोणी म्हणतं बायकांचा तुरुंग, कोणी जुगाराचा अड्डा. काँटी स्ट्रीटवर याच नावाचं एक हॉटेल होतं, ते १८२२ मध्ये जळालं. त्या जागी २००५ च्या सुमारास उत्खनन झालं तेव्हा गालाला लावायच्या रंगाच्या बऱ्याच डब्या निघाल्या. एवढ्यावरून वर्तमानपत्रांनी घर सापडलं म्हणून जाहीर करून टाकलं. रंगाच्या डब्यांवरून काही शाबीत होत नाही. गाण्यातल्या घराला पत्ता मिळालेला नाही, आणि न मिळालेलाच बरा. पत्ता मिळाला असता तर बाकीच्या गावांतल्या आयांनी म्हटलं असतं, चला, ते तिकडे लांब आहे.

आता त्या गोल कागदाकडे परत येऊ. लोमॅक्सने १९४१ मध्ये हे गाणं पुस्तकात छापलं तेव्हा जॉर्जिया टर्नरचं नाव दिलं. काही कडवी बर्ट मार्टिन या केंटकीच्याच गायकाकडून घेतली होती, त्याचंही दिलं. हे त्याचं मोठेपण. पुढे वुडी गथ्री, लेड बेली, जोश व्हाइट, जोन बाएझ, नीना सिमोन असे कितीतरी जण ते गायले, आणि वाटेत कुठेतरी जॉर्जियाचं नाव गळून पडलं. ॲनिमल्सच्या तबकडीवर पाच जणांची नावं मावत नाहीत म्हणून एकट्या ॲलन प्राइसचं घातलं, अशी हकीकत बँडमधले सांगत. परिणाम एवढाच, की संयोजनाची मिळकत त्याच्या नावे झाली. गिटारचे ते सुटे मणी ओढणारा व्हॅलेंटाइन आणि ज्याच्या आवाजासाठी लोकांनी तबकडी घेतली तो बर्डन, कागदावर कोणीच नव्हते. १९६५ मध्ये प्राइस बँड सोडून गेला, १९६६ मध्ये मूळ संच संपला. चँडलरने त्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये जिमी हेंड्रिक्सला ऐकलं आणि लंडनला आणलं, पण ती वेगळी कथा. चँडलर १९९६ मध्ये गेला, व्हॅलेंटाइन २०२१ मध्ये.

आणि जॉर्जिया? लग्न झालं, मिशिगनमध्ये संसार केला, पोरंबाळं झाली. टेड अँथनी नावाच्या पत्रकाराने या गाण्याचा माग काढत २००७ मध्ये अख्खं पुस्तक लिहिलं. त्याने तिच्या घरच्यांपर्यंत जाऊन तिची कहाणी नोंदवली. लाखोंनी खपलेल्या या गाण्यापायी तिच्या हाती शंभर-सव्वाशे डॉलरच्या आसपास पैसे आले. १९६९ मध्ये, वयाच्या ४८ व्या वर्षी, फुप्फुसांच्या आजाराने ती गेली. ॲनिमल्सची तबकडी येऊन तेव्हा पाच वर्षं झाली होती.

इथे कोणाला दोषी धरायचं म्हटलं तर अवघड आहे. तिने गाणं रचलं नव्हतं. बर्डननेही नव्हतं. कायद्याला रचणारा लागतो, आणि इथे तर रचणारा सापडत नाही. सापडतात ते सगळे गाणारे. कागदावर 'पारंपरिक' असं लिहिलं की हिशेब मिटतो. पाठ्यपुस्तकात ओवी असली की खाली 'लोकगीत' एवढंच छापलेलं असे. वर्गात एखादं पोर हटकून विचारायचं, "बाई, हे लिहिलं कोणी?" मी सांगायची, "पुष्कळ बायकांनी." मग पुढचा प्रश्न ठरलेला, "त्यांची नावं काय?" आपल्याकडे हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी गावोगावच्या बायांकडून जात्यावरच्या ओव्या जमवल्या, एक लाखाच्या वर, तेव्हा गाणारीचं नाव आणि गाव लिहून ठेवलं. त्या पोराच्या प्रश्नाला याहून चांगलं उत्तर मला माहीत नाही.

एक गोष्ट मात्र मला या सगळ्यात फार आवडते. केंटकीतलं मिडल्सबरो आणि इंग्लंडातलं न्यूकॅसल, दोन्ही कोळशाची गावं. मध्ये अख्खा अटलांटिक महासागर. एकीकडे खाणकामगाराची सोळा वर्षांची लेक, दुसरीकडे जहाज-कारखान्यांच्या गावातला तेवीस वर्षांचा पोरगा. दोघांनी एकमेकांना कधी पाहिलं नाही. चाल सत्तावीस वर्षांत कितीतरी तोंडांतून फिरत एकीकडून दुसरीकडे पोचली, वाटेत बहीण गेली, प्रियकर गेला, बाप आला, चाल उदास झाली, ऑर्गन आला. पण पोरांना वाचवायची ती कळकळ सांडली नाही. ती बर्डनच्या वरच्या सुरात जशीच्या तशी आहे. म्हणून मी त्या आवाजाला मोठा म्हणते. गळा पुष्कळांचा चांगला असतो. दुसऱ्याचं दुःख आपल्या गळ्यात घेऊन, न सांडता पुढे नेणं हे थोड्यांना जमतं.

तुमच्यापैकी कोणी ऐकणार असाल तर एवढं करा. आधी जॉर्जियाचं ऐका, खरखरीसकट. मग व्हॅन रॉन्ककडून घेतलेलं डिलनचं. आणि मग दिवे मालवून, चांगल्या स्पीकरवर, ॲनिमल्सची ती पूर्ण लांबीची तबकडी. अमेरिकेत कापलेली नको. ऑर्गन संपून बर्डनचा आवाज वर चढेल तेव्हा त्या धाकट्या बहिणीची आठवण ठेवा.

असो. लेख लांबला. पण त्या तबकडीवर म्हणे सगळ्यांची नावं लिहायला जागा नव्हती. इथे होती, म्हणून लिहिली.